आमच्या वाचनालयाचा रहस्यकथा उत्सव: फेरीत काय दाखवावं आणि काय नाही?

गिरगावातली

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाने दोन दिवसांचा रहस्यकथा उत्सव करायचं ठरवलं आहे. दिवाळी अंकांची गडबड सुरू व्हायच्या आतला एखादा शनिवार-रविवार. कार्यकारिणीतले बहुतेक सत्तरीच्या पुढचे, मी त्यातल्या त्यात तरुण (वय विचारू नये), त्यामुळे खुर्च्या सांगण्यापासून वक्ते गाठण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात आलं आहे.

कल्पना कशी सुचली, तर कपाटं आवरताना. बांधणीला टाकायची पुस्तकं बाजूला काढली तेव्हा ढीग जवळजवळ सगळा रहस्यकथांचाच निघाला. पुरस्कारविजेत्या कादंबऱ्या कोऱ्या करकरीत, चरित्रं कोरी, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार-काळापहाडांच्या पाठी मोडलेल्या, पानं पिवळी, शेवटचं पान गायब. (शेवटचं पान फाडणाऱ्याला कुठलं कलम लागतं? इथे कुणी वकील असेल तर सांगा.)

ढोबळ आराखडा असा: शनिवारी भाषणं आणि गप्पा, रविवारी सकाळी शहरात पायी फेरी, दुपारी लिहिणाऱ्यांसाठी कार्यशाळा आणि मुलांसाठी काहीतरी. पैसे नाहीतच म्हणा. वक्त्याला शाल-श्रीफळ, टॅक्सीभाडं आणि गरम वडे.

अडलं आहे ते फेरीवर. मला खुनाच्या जागा दाखवत लोकांना हिंडवायचं नाही. गुन्ह्याचा तपास कसा होतो, खटला कसा उभा राहतो, आणि आपल्या लेखकांनी त्यातून गोष्टी कशा रचल्या, एवढं दाखवता आलं तर पुष्कळ झालं. कार्यकारिणीतल्या एका काकांचं म्हणणं बरोबर उलटं: "लोक डॉन बघायला येतील, ग्रंथपाल बघायला कोण येणार?" तुम्हाला काय वाटतं? वक्ते, वाटा, कार्यशाळेतले विषय, काहीही सुचवा.

पानसुपारी

आधी वाचनालयाचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) कर. मग बाकीचं बोलू. खुर्च्या लावायला मी येते.

शेंगदाणा

पहिल्या रांगेत मी. वडे ही अट धाग्यात लेखी आहे, हे कृपया नोंदवून घ्यावं.

जुनाबाजार

अभिनंदन आणि एक विनंती. अर्नाळकरांवर नुसतं भाषण ठेवू नका, प्रदर्शन करा. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव, जन्म १९०६ चा, आणि हजाराच्या वर रहस्यकथा एकट्याने लिहिल्या. आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण एवढी पुस्तकं खपली कशी, वाटली कुणी, वाचली कुणी, हे कुणी विचारत नाही. गिरणीतली पाळी सुटल्यावर वाचणारे होते, शाळेच्या पुस्तकात लपवून वाचणारे होते, आणि दुपारची झाकपाक झाली की वाचणाऱ्या आयाही होत्या. तुमच्या वाचनालयात जुन्या देवघेवीच्या वह्या शिल्लक असतील तर त्याच मांडा, सभासदांची नावं झाकून. कुठलं पुस्तक किती हातांतून गेलं हे त्या वह्यांत दिसतं. समीक्षकांनी या माणसाकडे पाठ फिरवली, पण ग्रंथपालाला खरं ते ठाऊक होतं.

मुखपृष्ठंही मांडा. धुक्यातला दिवा, ओव्हरकोट घातलेला माणूस (मुंबईत! ओव्हरकोट!), खिडकीशी घाबरलेली बाई. ती चित्रं काढणाऱ्यांची नावं बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरात कोपऱ्यात असतात. भिंग ठेवा शेजारी, पोरं खूश होतील.

एक सावधगिरी: अभिवाचन ठेवणार असाल तर वारसांची किंवा प्रकाशकाची परवानगी घ्या. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. अर्नाळकर गेले १९९६ साली, म्हणजे २०५६ संपेपर्यंत फुकट काही नाही.

चौथा मजला

काकांशी मी सहमत. उगाच सोवळं पाळू नका. मुंबई ही गुन्ह्यांच्या कथांची खाण आहे आणि लोकांना जागा बघायची असते, त्यात लाजायचं काय? माझी यादी:

मलबार हिल. १२ जानेवारी १९२५, बावला खून खटला. गाडी अडवून अब्दुल कादिर बावलांना गोळ्या घातल्या, सोबतच्या मुमताज बेगमला पळवायचा प्रयत्न झाला, आणि गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी नेमके त्याच वेळी तिथून चालले होते. त्यातला एक गोल्फची काठी घेऊन धावून गेला. धागेदोरे इंदूरच्या दरबारापर्यंत पोचले आणि तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने "योगायोग जरा कमी करा" म्हणून परत पाठवलं असतं.

मग नेपियन सी रोड, नानावटी. मग रात्रीची खास फेरी, साखळी खुनी रामन राघववर, उपनगरात. शेवट अरुण गवळीच्या दगडी चाळीसमोर. याला दोनशे रुपये तिकीट लावा, वाचनालयाचं छप्पर दुरुस्त होईल.

लालबागचा नातू

@चौथा मजला, तुमच्या यादीतलं पहिलं नाव सोडलं तर बाकीचं वाचून पोटात ढवळलं. सविस्तर लिहितो, कारण हे "सोवळं" नाही.

रामन राघवने ज्यांना मारलं ती माणसं कोण होती? फुटपाथवर, झोपड्यांत, उघड्यावर झोपणारी. १९६८ साली उपनगरातले लोक रात्री काठ्या घेऊन जागत होते. मारेकऱ्याचं नाव शहराला अजून पाठ आहे, मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? मला येत नाही. आता त्याच रस्त्यांवर, जिथे आजही माणसं उघड्यावर झोपतात, तिथे दोनशे रुपये भरून आलेली पन्नास माणसं मोबाइलचे दिवे लावून हिंडवायची? झोपलेल्यांना उठवून सांगणार का, की तुमच्याच जागेची गोष्ट चालली आहे?

त्या प्रकरणात सांगण्यासारखं आहे ते गुन्हे शाखेचं काम. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींनी तो तपास ज्या चिकाटीने चालवला त्यावर अख्खं भाषण होऊ शकतं. सभागृहात ठेवा, खुर्चीवर बसून ऐकू.

आणि दगडी चाळ. मी त्याच पट्ट्यात वाढलो. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, ११ जानेवारीला, वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मेला. दुसऱ्या तारखेवर चित्रपट निघतात. पहिल्या तारखेने अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरची चूल विझली, आणि त्या घरांतली काही पोरं पुढे कुठे गेली हे आम्ही जिन्यात उभे राहून पाहिलं आहे. संप वगळून टोळ्यांची फेरी काढणं म्हणजे गोष्टीचं पहिलं प्रकरण फाडून टाकणं. धागाकर्तीला शेवटच्या पानाचं दुःख आहे, मला पहिल्याचं आहे.

काळी मांजर

+१ लालबागचा नातू.

चौथा मजला

भावना पोचल्या. पण मग गुन्ह्याबद्दल काहीच दाखवायचं नाही का? रहस्यकथेत मुडदा पडतोच हो. पहिल्या पानावर पडतो. तुम्ही सगळे चहा पीत तो वाचता आणि फेरी म्हटली की एकदम गंभीर होता.

लालबागचा नातू

कथेतला मुडदा लेखकाने पाडलेला असतो. त्याची आई आपल्याला येऊन भेटत नाही.

गिरगावातली

दोघांचंही पटतंय, आणि हेच कार्यकारिणीत झालं तेव्हा सभा तहकूब करावी लागली होती. रामन राघव रात्रफेरी होणार नाही, हे माझ्यापुरतं नक्की. गुन्हे शाखेच्या तपासपद्धतीवर निवृत्त अधिकाऱ्याचं भाषण ठेवायला मात्र आवडेल. ओळखीचं कुणी असेल तर व्यनि करा. "एन्काउंटरच्या गमती" सांगणारे नकोत.

वकिलीणबाई

शेवटचं पान फाडणाऱ्याला वाचनालयाच्या नियमावलीचं कलम लावा, दंड वसूल होण्याची शक्यता तिथेच जास्त.

आता नानावटी. नेपियन सी रोडच्या इमारतीखाली उभं राहण्यात काही अर्थ नाही, ती लोकांची राहती घरं आहेत. ही गोष्ट खरी घडली कोर्टात. एप्रिल १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या, ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीश मेहतांनी तो कौल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. खटला चालू असताना एक साप्ताहिक उघडपणे आरोपीच्या बाजूने लिहीत होतं, पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता, आणि फेरीवाले "आहुजा टॉवेल" नि "नानावटी रिव्हॉल्व्हर" विकत होते. खटल्याचं निम्मं नाट्य रस्त्यावर चाललं होतं. हे सांगायला सत्र न्यायालयाच्या बाहेरचा फुटपाथ पुरे.

कुणीतरी येऊन "हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला" म्हणेलच, म्हणून आधीच लिहिते: तसं नाही. काही ठिकाणी ज्युरी त्यानंतरही चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.

कार्यशाळेसाठी मात्र मला बोलवाच. आजकाल हौशी लेखकांच्या कथा वाचायला येतात आणि प्रत्येकीत इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटून म्हणतो, "तीनशे दोन लावीन!" बाबा रे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३. पण गंमत इथेच आहे: खून २०१९ मध्ये झाला आणि सांगाडा २०२५ मध्ये सापडला, तर कलम जुनंच, ३०२. म्हणजे मृत्यू कधी झाला यावर कलम ठरणार. यावर अख्खी कथा उभी राहील, कुणी लिहीत का नाही?

दुसरं, कबुलीजबाब. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून गुप्तहेर बोलतो, खुनी कोसळतो आणि इन्स्पेक्टरसमोर सगळं ओकतो. टाळ्या. कोर्टात त्याची किंमत शून्य. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, आधीच्या कायद्यातही नाही आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. चालतं ते एवढंच, की आरोपीने "हत्यार अमुक विहिरीत टाकलंय, काढून देतो" म्हटलं, पंचांसमक्ष तसा निवेदन पंचनामा झाला आणि हत्यार खरोखर तिथे सापडलं, तर तेवढा भाग. आणि मग दोन वर्षांनी पंच फितूर होतो. तिथून खरी कथा सुरू होते.

शेंगदाणा

वकिलीणबाई, दंडवत. माझी अर्धी लिहिलेली कादंबरी आत्ताच कोसळली. दिवाणखान्यासकट.

फोडणी

इन्स्पेक्टर हे सगळं तंबाखू मळत का करतो, यावरही कुणी प्रकाश टाकावा.

चाकूवाला डॉक्टर

(आयडीवरून घाबरू नका. न्यायवैद्यकशास्त्रात काही वर्षं काढली आहेत. कुठल्या रुग्णालयात, ते राहू द्या.)

वकिलीणबाईंच्या कार्यशाळेत माझाही अर्धा तास धरा. मराठी रहस्यकथेतला डॉक्टर प्रेताकडे एक नजर टाकतो आणि सांगतो, "मृत्यू रात्री साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान झालेला आहे." असा डॉक्टर मला प्रत्यक्षात भेटला तर त्याचे पाय धुऊन पाणी पिईन. आम्ही अंदाजाची एक रुंद पट्टी देतो, आणि ती देताना खोली कशी होती हे विचारतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडलेला देह आणि वांद्र्याच्या फ्लॅटमध्ये एसी चालू ठेवून पडलेला देह, दोघांचं घड्याळ वेगळं चालतं. उकाड्यात ताठरपणा लवकर येतो, लवकर जातो, आणि कुजणंही लवकर सुरू होतं. परदेशी कादंबऱ्यांतले तास जसेच्या तसे उचलून गिरगावच्या चाळीत बसवले की तिथेच लेखक पकडला जातो.

लेखकांना जास्त उपयोगी पडेल ते म्हणजे प्रेतावरचे जांभळट डाग. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरून साचतं आणि काही तासांनी ते डाग पक्के होतात. माणूस उताणा सापडला आणि डाग छाती-पोटावर असले, तर त्याला नंतर कुणीतरी उलटवलं आहे. यासाठी ना प्रयोगशाळा लागते ना भिंग. चांगला हवालदारही हे ओळखतो.

रात्री दोन वाजता, बाहेर पाऊस, आत शवविच्छेदन, हेही जरा जपून. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला मुभा दिली, पण खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू अशी प्रकरणं त्यातून वगळली, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. म्हणजे रहस्यकथेला लागणारे सगळे मुडदे सकाळपर्यंत थांबणार. ती थांबण्याची रात्र लिहा की! नातेवाईक बाहेर बाकावर, वॉर्डबॉय चहा आणतोय, आणि खुनी त्याच बाकावर बसलाय.

आणि "व्हिसेरा (शरीरातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला" हे वाक्य तुम्ही बातम्यांत वाचता, त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी फोनवर येत नाही. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत राज्यभरातून नमुने येत असतात.

रुळांवरचा

वडील लोहमार्ग पोलिसांत होते, त्यामुळे थोडी भर. मुंबईतली रहस्यकथा आणि त्यात लोकल नाही, हे पटत नाही, पण लेखक लोकलमध्ये खून पाडतात आणि तपासाला पाठवतात दादर पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर. गाडीत, फलाटावर, रुळांवर गुन्हा घडला की तो लोहमार्ग पोलिसांचा, म्हणजे राज्य सरकारचा. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, वेगळी, ती रेल्वेची, काम रेल्वेची मालमत्ता नि प्रवासी यांचं रक्षण. प्रवाशाला हा फरक कळत नाही आणि दोन खिडक्यांमध्ये त्याचा फुटबॉल होतो.

हद्द म्हणजे काय ते वडिलांकडून ऐकावं. गाडी कसाऱ्याला पोचली, बाकाखाली बेवारस पिशवी, आत नको ते. पिशवी चढली कुठे? भायखळ्याला? ठाण्याला? मधल्या प्रत्येक स्टेशनाचा अंमलदार म्हणणार, आमच्याकडे नाही. शिवाय रुळाच्या कुंपणापलीकडे शहर पोलीस, आणि गाडी मुलुंड ओलांडून गेली की तिथलं आयुक्तालयही बदलतं. आता झिरो एफआयआर कायद्यातच आल्यामुळे "आमची हद्द नाही" म्हणून हाकलून देता येत नाही, कुठेही नोंदवा आणि मग वर्ग होतो. पण वर्ग झालेला कागद पोचेपर्यंतचे जे तास असतात, त्यात तुमच्या खलनायकाला बराच वाव आहे.

गिरगावातली

मी हे सगळं वहीत उतरवून घेतेय. कार्यशाळेचं नावच "मुडदा थांबेल, हद्द थांबणार नाही" ठेवावं असं वाटायला लागलंय. (कार्यकारिणी मंजूर करणार नाही.)

थंडीतला

इंग्लंडातून. इथे हॅरोगेट नावाच्या गावात दर जुलैत गुन्हेकथांचा मोठा उत्सव भरतो. अॅगाथा ख्रिस्ती १९२६ साली अकरा दिवस बेपत्ता होती आणि ज्या हॉटेलात सापडली, तिथेच. पण ते लोक तेवढ्या एका गोष्टीवर जगत नाहीत. खरी मजा संध्याकाळी, हिरवळीवर लेखक-वाचक एकत्र गप्पा मारत बसतात तेव्हा. तुमच्याकडे हिरवळ नसेल, पण भाषण संपल्यावर वक्त्याला लगेच गाडीत घालून पाठवू नका, वड्यांसाठी थांबवा. प्रश्नोत्तरांत "हा माझा प्रश्न नसून निवेदन आहे" म्हणणाऱ्यांसाठी काय उपाय, ते इथेही सापडलेलं नाही.

पानसुपारी

फेरीवर माझ्याकडे तोडगा आहे. रक्ताचा थेंब नसलेला गुन्हा घ्या, तोही चालत जाण्याच्या अंतरावरचा. ऑपेरा हाउस, १९ मार्च १९८७.

नव्या पिढीसाठी थोडक्यात: एका माणसाने वर्तमानपत्रात "इंटेलिजन्स ऑफिसर पाहिजेत" अशी जाहिरात दिली. ताजमध्ये मुलाखती घेतल्या, पोरं निवडली, ओळखपत्रं दिली, आणि त्यांना घेऊन ऑपेरा हाउसच्या नामांकित जवाहिऱ्याच्या पेढीवर सीबीआयचा छापा घातला. पोरांना वाटलं आपलं पहिलं सरकारी काम. साहेबांनी दागिने नि रोकड "नमुने" म्हणून गोळा केली, सीलबंद केली, पोरांना तिथेच पहारा करायला सांगितलं आणि निघून गेले. तो माणूस अजून सापडलेला नाही. पुढे यावरून हिंदी चित्रपटही निघाला.

माझे मामा त्या काळात नोकरी शोधत होते. ते म्हणतात, जाहिरात दिसली असती तर मीही अर्ज केला असता. सुशिक्षित बेकारी, सरकारी ओळखपत्राचा धाक, सफारी सूट, १९८७ ची मुंबई अख्खी त्यात आहे. आणि कुणाच्या आईला तोंड दाखवायची चोरी नाही.

लालबागचा नातू

हे झकास. मी येतो.

चौथा मजला

मान्य. तोतयाने केलेला, मुडदा नसलेला गुन्हा आणि वर न सुटलेला. बावला खटलाही ठेवा, पण सभागृहात, मी बोलतो. शंभर वर्षं उलटून गेली, आणि कोर्टात बॅरिस्टर जिनाही एका आरोपीच्या वतीने उभे होते, त्यामुळे तास सहज जाईल.

फेरीत आणखी एक भर घाला: फोर्जेट. ताडदेवच्या फोर्जेट स्ट्रीटवरून रोज जाणाऱ्यांनाही हा कोण ते माहीत नसतं. १८५७ च्या वेळी मुंबईचा पोलीस प्रमुख. इथल्या भाषा अस्खलित, वेष पालटून शहरात हिंडायचा. सोनापुरात एका घरी शिपायांच्या गुप्त बैठका होतात असं कळल्यावर शेजारच्या खोलीत लपून भिंतीच्या भोकातून ऐकलं. दिवाळीत उठाव करायचा बेत होता, तो फुटला. आपल्या रहस्यकथांतले वेषांतराचे प्रसंग लोक हसण्यावारी नेतात. गिरगावच्या वेशीवर ते खरंच घडलं होतं.

लालबागचा नातू

आणि पुढचं वाक्य कोण लिहिणार? त्या बातमीवरून १५ ऑक्टोबर १८५७ ला एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, दोघांना तोफेच्या तोंडी दिलं. तुमचा गुप्तहेर तो त्यांच्या लेखी चोरून ऐकणारा. फेरीत सांगाच, पण दोन्ही सांगा. कथेत नायक कोण हे निवेदक कुठल्या खोलीत बसलाय त्यावर ठरतं.

चौथा मजला

दोन्ही सांगू. सोनापूर मी सांगतो, मैदान तुम्ही सांगा.

काळी मांजर

हे दोघे एकत्र फेरी नेणार? मी तिकीट काढते.

फोडणी

मुलांसाठी: ठशांचा खेळ. स्टीलचा पेला, पेन्सिलीच्या शिशाची पूड, मऊ ब्रश, चिकटपट्टी. पेल्यावरचा ठसा उचलून कागदावर चिकटवायचा आणि पाच "संशयितांच्या" ठशांशी ताडायचा. आमच्या सोसायटीत केला होता, सेक्रेटरी पकडले गेले. जाता जाता पालकांना सांगा की ठशांचा पहिला सरकारी विभाग १८९७ साली आपल्याकडे, कलकत्त्यात निघाला आणि वर्गीकरणाचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं.

आजीचा चष्मा

करपल्लवी शिकवा! बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगायची जुनी रीत. आजी आणि तिची बहीण आमच्यासमोर आमच्याबद्दलच बोलायच्या आणि आम्हाला पत्ता लागायचा नाही. आणि मोडीतली एक चिठ्ठी द्या, सोबत अक्षरांचा तक्ता. घसट मोडी म्हणजे अर्धी सांकेतिक लिपीच. मोठी माणसंही मुलांच्या टेबलावरून उठणार नाहीत.

रुळांवरचा

रविवार आहे, मेगाब्लॉक धरून चला. ठाणे-पनवेलकडचे लोक फेरीला सातला पोचू शकतील, ब्लॉक साधारण साडेदहा-अकराच्या सुमाराला लागतो. परतीचं मात्र आधी सांगून ठेवा.

वकिलीणबाई

रविवारी कोर्टं बंद, म्हणजे आत नेता येणार नाही, पण बाहेर गर्दीही नाही. किल्ला कोर्टासमोर सावली आहे, तिथे पंधरा मिनिटं मला द्या. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत जिथे उभं करतात ती जागा लेखकांनी एकदा तरी बघावी. शक्य झालं तर आदल्या आठवड्यात कामकाजाच्या दिवशी चार-पाच जणांना मी आत बसवते. रिमांडचं काम किती भराभर उरकतं ते पाहिलं की दहा पानी कोर्टसीन आपोआप एका पानावर येतो.

गिरगावातली

काल सभा झाली. ठरलं ते असं.

शनिवार दुपार: अर्नाळकर प्रदर्शन (@जुनाबाजार, भिंगं तीन मिळाली, वह्या सापडल्या, वाळवीने थोडं आधीच वाचून ठेवलंय), मग बावला खटला, मग तपासपद्धतीवर निवृत्त अधिकारी. नाव नक्की झालं की सांगते. रविवारी सकाळी सातला फेरी: ऑपेरा हाउस, गिरगावातून सोनापूर, धोबीतलाव, आझाद मैदान, किल्ला कोर्ट, आणि शेवट क्रॉफर्ड मार्केटजवळ, पोलीस आयुक्तालयाची जुनी इमारत रस्त्यापलीकडून बघून. तिथे फोटो काढू नयेत. दुपारी कार्यशाळा, वकील, डॉक्टर आणि रूळ. मुलं तळमजल्यावर.

तिकीट नाही. दारात डबा ठेवणार, पैसे बांधणीसाठी. काकांनी दगडी चाळ सोडली, पण "कुणी येणार नाही" हे वाक्य सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लावलं.

फेरीला तीस जणांच्या वर नको, फुटपाथ तेवढाच आहे. नावं व्यनिने.

शेंगदाणा

वडे कुठल्या दिवशी?

गिरगावातली

दोन्ही.

आजीचा चष्मा

माझे गुडघे ऑपेरा हाउसपासून चालणार नाहीत. थेट मेट्रोला येऊन मिळाले तर चालेल का?

गिरगावातली

चालेल, साधारण सव्वाआठला. मेट्रो म्हणजे धोबीतलावचं थिएटर हं, भुयारी रेल्वेचं स्टेशन नव्हे. नाहीतर तुम्ही जमिनीखाली आणि आम्ही वर, असे एकमेकांना शोधत बसू.